पाच वाजताचा वारा कोणाच्या बाजूने?

प्रश्न: मी 47 वर्षांचा, रत्नागिरीत नोकरीला. आमच्याकडे आठ जणांची हौशी टेनिस लीग चालते. पाऊस ओसरला की सुरू होते आणि आंब्याच्या पेट्या भरायला लागायच्या आत संपते, कारण निम्मे खेळाडू बागायतदार. त्यातलाच एक माझा शाळेपासूनचा मित्र. या हंगामात लीगचे दोन आणि असेच दोन, असे चार सामने खेळलो; चारही हरलो. स्कोअर ठरल्यासारखा: पहिला सेट 6-2, दुसरा 7-5 नाहीतर 7-6. माझे फटके त्याच्यापेक्षा जोरदार आहेत, हे तोही कबूल करतो. तो नुसता चेंडू उंच उचलून परत देतो, मधेच नेटलगत पडणारा ड्रॉप टाकतो आणि हसतो. हा रडीचा डाव नाही का? मी आठवड्यातून तीनदा सकाळी साडेसहाला कोचकडे जातो. तो बागेतून थेट पाच वाजता कोर्टवर येतो, सराव शून्य. मागच्या सामन्यात 5-5 असताना मी त्याचा एक बॉल आउट दिला. तो नेट ओलांडून चेंडूची मातीवरची खूण बघायला आला, तोवर ती माझ्या बुटाखाली पुसली गेली होती. तेव्हापासून बोलतो, पण मोजकंच. तीन आठवड्यांनी, जानेवारीअखेर आमची फायनल आहे, पुन्हा संध्याकाळी पाचला. नवी रॅकेट घेऊ का? चौदा महिने झाले, तारा बदललेल्या नाहीत, आणि कोपर दुखतं. मैत्री बिघडू नये असंही वाटतं. घरी बायको "आज किती?" एवढंच विचारते.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: तुमचे चारही स्कोअर एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. पहिला सेट तुम्ही सपशेल हरता, दुसऱ्यात बरोबरीला येता. दमसासाचा प्रश्न असता तर हे उलटं झालं असतं. पाच वाजता कोर्टवर खारे वारे वाहत असतात. सहाच्या पुढे, सूर्य टेकायला लागला की त्यांचा जोर उतरतो. तुमचा सराव सकाळी साडेसहाचा, तेव्हा हवा जवळजवळ पडलेली असते, फार तर जमिनीकडून मंद मतलई वारा. म्हणजे तुम्ही बिनवाऱ्याचं टेनिस शिकता आणि सामना वाऱ्यात खेळता. मित्र सराव करत नाही असं तुम्ही म्हणता, पण तो जेव्हा जेव्हा खेळतो तेव्हा वाऱ्यातच खेळतो. दुसऱ्या सेटमध्ये हवा तुमच्या सकाळसारखी होते, आणि सामना जुळतो.

तेव्हा पहिला बदल वेळापत्रकात. पुढच्या तीन आठवड्यांत सकाळच्या तीन दिवसांपैकी दोन दिवस संध्याकाळी पाचला हलवा. कोच यायला तयार नसतील तर लीगमधला कोणीही चालेल, तोही नसेल तर तीस-चाळीस चेंडूंची टोपली घेऊन एकटे सर्व्हिस मारा. पण वाऱ्यात.

आता वारा नेमका काय करतो ते बघू. बहुतेक कोर्टं उत्तर-दक्षिण आखलेली असतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सूर्य थेट डोळ्यांत येत नाही. तुमचंही तसंच असेल आणि मित्र उजव्या हाताने खेळत असेल असं धरतो. रत्नागिरीत समुद्र पश्चिमेला, आणि हिवाळ्यातला दुपारनंतरचा वारा बहुतेक वायव्येकडून. म्हणजे तो कोर्टाला नुसता आडवा जात नाही, उत्तरेकडून दक्षिणेकडेही ढकलतो. दोन्ही बाजूंना एकच खेळ खेळून चालत नाही. बाजू दर दोन गेमना बदलते, तसा खेळही बदलायला हवा, आणि नेमकं हेच तुमच्याकडून होत नसावं.

तुम्ही उत्तरेच्या टोकाला असता तेव्हा वारा पाठीशी असतो. तुमचे सपाट जोरदार फटके इथेच बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या रेषेच्या, बाहेर जातात. सकाळी जो फटका रेषेच्या अलीकडे फूटभर पडतो तो इथे पलीकडे फूटभर पडतो, आणि तुम्हाला वाटतं आज हात बसत नाही. इथे जोर कमी करा आणि फिरकी वाढवा. चेंडू नेटच्या वरून मीटरभर उंचीने जाऊ द्या आणि सर्व्हिस लाइन व बेसलाइन यांच्या मधला पट्टा धरा. रोख तुमच्या उजवीकडे, म्हणजे समुद्राच्या बाजूला. तिथे दोन फायदे आहेत: रेषेच्या जवळ मारलेला चेंडू वारा पुन्हा आत आणतो, आणि दक्षिणेला उभ्या असलेल्या मित्राची ती बॅकहँडची बाजू आहे. त्याचा उंच चेंडू इथे वाऱ्याच्या तोंडावर येतो, त्यामुळे आखूड पडतो. तुम्ही नेहमीप्रमाणे बेसलाइनमागे वाट बघत उभे राहिलात तर तो टप्पा घेऊन खांद्याच्या वर येईल आणि तुमचा फटका नेटमध्ये जाईल. चेंडू त्याच्या रॅकेटवरून उंच निघाला की लगेच दोन पावलं पुढे.

दक्षिणेच्या टोकाला सगळं उलटं. वारा तोंडावर, म्हणून तुमचा जोर इथे कामाचा. पूर्ण ताकदीने मारलेला चेंडूही वारा आत ठेवतो. पण डावीकडे, म्हणजे समुद्राच्या बाजूला मारलात तर त्याचा फोरहँड, आणि उजवीकडे रेषेजवळ मारलात तर वारा चेंडू बाहेर नेणार. त्यामुळे बहुतेक फटके मधून, आणि उजवीकडे मारायचाच तर रेषेपासून दोन मीटर आत. त्याचे लॉब, म्हणजे उंच उचललेले चेंडू, इथे पाठीवर वारा घेऊन येतात आणि अंदाजापेक्षा मागे पडतात; बेसलाइनच्या आणखी मीटर-दोन मीटर मागे उभं राहा. शिवाय ड्रॉप टाकायची जागा हीच. वाऱ्याच्या विरुद्ध टाकलेला ड्रॉप नेट ओलांडून जागीच बसतो. उत्तरेकडून टाकलेला ड्रॉप वारा पुढे ढकलतो आणि मित्राला आरामात पोचू देतो. तो तुम्हाला ड्रॉप कोणत्या टोकाकडून टाकतो ते पुढच्या सामन्यात बघा. दक्षिणेकडूनच टाकत असेल तर त्याला हे सगळं न सांगता कळलेलं आहे.

टॉस जिंकलात तर सर्व्हिस मागू नका, बाजू मागा, आणि उत्तर घ्या. मग सर्व्हिस करायची की घ्यायची हे तो ठरवेल. त्याने सर्व्हिस घेतली तर पहिल्याच गेममध्ये, वारा सर्वांत जोरात असताना, त्याला वाऱ्याच्या तोंडावर सर्व्हिस करावी लागेल. तुम्हाला दिली तर वारा तुमच्या पाठीशी. एकच अडचण: जानेवारीत सूर्य नैऋत्येला मावळतो, त्यामुळे उत्तरेकडून उजव्या हाताने सर्व्हिस करताना वर उडवलेला चेंडू उन्हात जातो. चेंडू थोडा डावीकडे, डोक्याच्या रेषेत उडवा. आणि फार उंच नको. रॅकेट पोचते त्याच्या वितभर वर पुरे. चेंडू जितका जास्त वेळ हवेत, तितका वारा त्याला हलवतो. उडवलेला चेंडू भरकटला तर मारू नका, हातात झेला आणि पुन्हा उडवा. रॅकेट फिरवली नाही तोवर तो फॉल्ट होत नाही. हा नियम माहीत असूनही हौशी खेळाडू भिडेखातर वाकडा चेंडू मारतात आणि डबल फॉल्ट करतात.

लॉबवर स्मॅश मारण्याचा मोह सगळ्यांना होतो. वाऱ्यात नियम सोपा ठेवा: चेंडू जाळीच्या कुंपणाहून उंच गेला की टप्पा पडू द्या. मुरमाच्या कोर्टवर टप्पा संथ आणि उंच येतो, वेळ मिळतो. चेंडू पूर्वेकडे सरकत राहणार हे लक्षात ठेवून पावलं शेवटपर्यंत छोटी छोटी टाकत राहा. एकदा पाय रोवून उभे राहिलात की चेंडू खांद्यामागे गेलाच म्हणून समजा. सरावात कोणाला तरी तीस लॉब उचलून द्यायला सांगा. पंधरा टप्प्यानंतर मारा, पंधरा न मारता नुसते हातात झेला. झेलण्याचा सराव बावळटपणाचा वाटेल, पण चेंडूखाली पोचायला पाय त्यानेच शिकतात.

रडीचा डाव? नाही. फ्रेंच ओपन, 1989, चौथी फेरी: सतरा वर्षांचा मायकेल चँग पायात गोळे येत असताना पहिल्या क्रमांकाच्या इव्हान लेंडलविरुद्ध उंच उंच चेंडू टाकत राहिला, पाचव्या सेटमध्ये तर त्याने हाताखालून सर्व्हिस केली, आणि जिंकला. पुढे ती स्पर्धाही त्यानेच जिंकली. नियमात बसतं ते सगळं टेनिस. उंच चेंडूला उत्तर दोनच: पुढे येऊन वर चढतानाच छातीच्या उंचीवर मारा, नाहीतर मागे सरून तसाच उंच परत द्या. मधे उभं राहून खांद्यावरचा चेंडू सपाट मारायचा तिसरा मार्ग तुम्ही चार सामने वापरून पाहिलाच आहे.

मित्राला नेटवर यायला आवडत नसेल (उचलून देणाऱ्यांना सहसा आवडत नाही), तर त्याला तिथे आणा. दक्षिणेकडून ड्रॉप, आणि तो धावत आला की त्याच्या डोक्यावरून नव्हे, सरळ त्याच्या अंगावर. आणि रॅलीत आडवं मारत राहा. नेट मध्यभागी 91.4 सेंटिमीटर, खांबापाशी 107. कोपऱ्यातून कोपऱ्यात मारलेल्या चेंडूला सरळ रेषेपेक्षा जवळजवळ 1.4 मीटर जास्त कोर्ट मिळतं. रेषेवरून सरळ मारलेला विनर दिसतो झोकदार, पण नेट उंच, कोर्ट आखूड आणि वर वारा. तो फटका फायनलपुरता घरी ठेवा.

रॅकेट घेऊ नका. तीन आठवड्यांत नवी रॅकेट हातात बसत नाही, आणि तुमच्या कोपराचं दुखणं रॅकेटमध्ये कमी, तारांमध्ये जास्त असावं. त्या तारा पॉलिएस्टरच्या असतील तर केव्हाच मेल्या आहेत. तुटत नाहीत म्हणून चालू आहेत असं वाटतं एवढंच. पॉलिएस्टर ताण लवकर सोडतं, मग चेंडू नीट निघत नाही, आपण जास्त जोर लावतो आणि धक्का कोपराला बसतो. ढोबळ हिशेब असा की आठवड्यात जितक्यांदा खेळता तितक्यांदा वर्षात तारा बदलाव्यात. तुम्ही तीनदा खेळता, म्हणजे चार महिन्यांनी एकदा. आता सिंथेटिक गट किंवा मल्टिफिलामेंट (दोन्ही पॉलिएस्टरपेक्षा मऊ तारा) घ्या, 1.30 मिलिमीटर जाडीची, ताण 50 ते 52 पौंड. कोपराला ती सोसवते. ताण आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून रॅकेटच्या गळ्यावर लावा. जवळ मशीन नसेल तर रॅकेट बाहेर पाठवावी लागेल. ती याच आठवड्यात पाठवा, कारण नव्या तारा पहिल्या काही तासांत थोड्या सैल होतात आणि फायनलच्या आधी दोन-तीनदा तरी त्यांच्यावर खेळायला हवं. रॅकेट उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूला असेल आणि कप उचलतानाही कळ येत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. तारा बदलून तेवढं बरं होणार नाही.

ग्रिपसुद्धा बघा. आपल्याकडच्या दमट हवेत चिकट ओव्हरग्रिप (मुठीवरून गुंडाळायची पट्टी) घामाने साबणासारखी होते आणि माणूस नकळत मूठ आवळतो. तेही कोपरालाच जातं. कोरडी, घाम शोषणारी ओव्हरग्रिप घ्या, फायनलच्या दिवशी नवी गुंडाळा, आणि एक सुटी पिशवीत ठेवा.

चेंडूंबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण लीगमध्ये जुने चेंडू चालतात असा माझा संशय आहे. डबा फोडला की चेंडूतला दाब कमी व्हायला लागतो. वर आपली हवा दमट, चेंडूच्या केसांवर लाल माती बसते, चेंडू जड आणि सुस्त होतो. सुस्त चेंडू उचलून देणाऱ्याच्या फायद्याचा असतो, जोरात मारणाऱ्याच्या नव्हे. तपासायचं असेल तर भिंतीवर 254 सेंटिमीटरवर खूण करा आणि तिथून चेंडू सिमेंटवर सोडा. नियमाप्रमाणे नवा चेंडू 135 ते 147 सेंटिमीटर उडायला हवा. तुमचा सव्वाशेच्याही खाली राहिला तर तो कुत्र्याला खेळायला द्या. लीगमध्ये सुचवा: दोघांनीही एकेक बंद डबा आणायचा, एक फोडायचा, आणि बंद राहिलेला जिंकणाऱ्याने घरी न्यायचा.

आता पुसलेली खूण. इथे तुम्हाला आवडणार नाही असं लिहावं लागतंय. पंच नसलेल्या सामन्यांसाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची पद्धत स्पष्ट आहे: आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय आपण द्यायचा, लगेच आणि ऐकू जाईल असा, शंका असेल तर चेंडू समोरच्याचा. मातीच्या कोर्टवर समोरच्याला खूण बघायला येण्याचा हक्क आहे. आणि ज्याने खूण पुसली त्याने तो निर्णय सोडून दिला असं मानतात. मुद्दाम पुसली की चालताना पुसली गेली, हा प्रश्नच येत नाही. तो पॉइंट त्याचा होता. सामना तोच जिंकला, त्यामुळे निकालात काही फरक नाही. पण त्याच्या मनात अडकलंय ते निकालाचं नसावं, खुणेचं असावं.

त्यासाठी समोरासमोर बसून लांबण लावू नका, शाळासोबत्यांना ते झेपत नाही. फोनवर दोन ओळी टाका: "अरे, त्या दिवशीचा 5-5 चा पॉइंट तुझा होता. खूण माझ्याकडून पुसली गेली, तेव्हाच द्यायला हवा होता. फायनलला यापुढे असं करू: आउट म्हटलं की तिथेच उभं राहून रॅकेटने खूण दाखवायची, दुसरा येईपर्यंत हलायचं नाही." यात माफी आली आणि पुढची सोयही. "पण तूसुद्धा मागे एकदा" असं तिसरं वाक्य जोडू नका, सुचेल तरी.

बाकीचे दोन करार सामन्याआधी, टॉसच्या वेळी करा. पहिला: सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक पॉइंटआधी स्कोअर मोठ्याने सांगायचा. वाऱ्यात पुटपुटलेला स्कोअर पलीकडे पोचत नाही आणि निम्मी भांडणं तिथे सुरू होतात. स्कोअरवर मतभेद झालाच तर दोघांना मान्य असलेले सगळे पॉइंट धरायचे आणि वादातला तेवढाच पुन्हा खेळायचा. दुसरा: आउट दिलेला चेंडू आत होता असं नंतर स्वतःच्याच लक्षात आलं, तर पहिल्या वेळी पॉइंट पुन्हा खेळायचा (तो फटका विजयी नव्हता तर), त्यानंतर पुन्हा चूक झाली तर पॉइंट गमवायचा. सामन्याआधी कुंच्याने रेषा झाडून घ्या; चुन्याच्या रेषेवर लाल धूळ बसली की दोन प्रामाणिक माणसंही वेगवेगळं बघतात.

मित्र मुद्दाम पाच वाजता ठेवतो का, अशी शंका पत्रातून डोकावते. जानेवारीत आंबा मोहोरावर असतो, फवारण्या चालू असतात. पाचच्या आधी त्याला बाग सुटत नसणार. फायनलची वेळ बदलायला सांगू नका, दिसेलही वाईट. पण पुढच्या हंगामात लीगमधले तुमचे दोन सामने एक सकाळी, एक संध्याकाळी ठेवा, हे मागणं रास्त आहे. सकाळचा आठच्या आत नको. थंडीत दव पडतं, मुरूम ओलसर राहतो आणि नवा चेंडूही दहा मिनिटांत भिजून जड होतो.

एक गोष्ट मात्र आयोजकांना आत्ताच सांगा. जानेवारीअखेर रत्नागिरीत सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. पाचला सुरू झालेला सामना तिसऱ्या सेटमध्ये गेला तर अंधार होणार, आणि अंधारातल्या रेषांवरून तुम्ही दोघं पुन्हा भांडणार. सेट 1-1 झाल्यास तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक, दोनच्या फरकाने, असं आधीच कागदावर घ्या. दर सहा पॉइंटनी बाजू बदलतात, त्यामुळे उरलासुरला वाराही दोघांना सारखाच मिळेल. सेट चालू असताना बाजू बदलायला मिळणाऱ्या नव्वद सेकंदांत पाणी प्या. कोकम सरबत नेणार असाल तर साखर बेताची, मीठ चिमूटभर जास्त.

घरच्या "आज किती?"चं उत्तर सामन्याच्या आधी देऊ नका.